कात्रप, मागची खिडकी, पाऊस नाही

साड्यांना फॉल लावायचं काम मी सात वर्षं केलं. त्यात सांगण्यासारखं काही म्हणजे काही घडलं नाही. एकदा सुई हरवली होती, ती सापडली. बस! आणि बेडकांचं काम केलं फक्त दोन पावसाळे, तर त्याचे किस्से इतके साठलेत की हळदीकुंकवाला बायका वाण नंतर घेतात, आधी म्हणतात, "सुनंदा, तो टेपरेकॉर्डरवाला सांग ना!"

सांगते. सगळे किस्से माझ्याच फजितीचे असल्यामुळे दुसऱ्या कुणाला राग यायचा प्रश्न नाही. शिक्षण माझं सातवी. त्यामुळे शास्त्रातलं काही चुकलं तर सांभाळून घ्या. फजितीतलं काही चुकणार नाही, ती मला तोंडपाठ आहे.

*

सुलभा मॅडम राहायच्या अंबरनाथला आणि शिकवायच्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात, जीवशास्त्र. त्यांची बहीण आमच्या कात्रपची, तिने माझं नाव सांगितलं म्हणून फॉलला साडी टाकून गेल्या होत्या. ती न्यायला आल्या तेव्हा दिवेलागणीची वेळ. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीखाली तेव्हा भाताची खाचरं होती आणि एक मोठं डबकं. पावसाळ्यात तिथे बेडकांचा जो काही गोंधळ चालायचा, तो चालू होता.

मॅडम दारातच थांबल्या. "हा आवाज कुठून येतोय?"

मला वाटलं, तक्रार आहे. "माफ करा हो, मागे डबकं आहे. थांबा, खिडकी लावते."

"लावू नका!" अशा ओरडल्या की माझी लेक मिनू माझ्या पदराआड गेली. आणि मॅडम सरळ मागच्या खोलीत जाऊन पलंगावर डोळे मिटून बसल्या. साडी राहिली, पिशवी राहिली, चहा गार झाला. बऱ्याच वेळाने डोळे उघडून विचारतात, "तुम्ही हे रोज ऐकता?"

मी म्हटलं, "ऐकत नाही हो. ऐकू येतं!"

तिथेच माझी नेमणूक झाली.

*

काम असं होतं. त्या काळी बेडूक मोजायचा म्हणजे आधी पकडायचा, मग बाटलीत घालायचा. मॅडमचं म्हणणं, पकडायचा कशाला? प्रत्येक जातीचा आवाज वेगळा. एकाच खिडकीतून, एकाच वेळेला, रोज दहा मिनिटं टेप करा आणि नुसतं ऐकून सांगा, डबक्यात कोण कोण राहतं ते. म्हणजे उद्या डबकं बुजवायला कुणी आलं तर निदान सांगता येईल, बाबांनो, इथे एवढे जण राहतात!

कॉलेजात सगळे हसले. पण पुण्याची एक संस्था होती, लोक ज्या कल्पनांना हसतात त्यांनाच ती छोटी छोटी ग्रँट द्यायची. तिथे मॅडमचा नंबर लागला.

छोटी म्हणजे किती छोटी? त्यात एक टेपरेकॉर्डर, थोड्या कॅसेटी, एक टॉर्च आणि गमबुटांचा एक जोड एवढं बसलं. माणसं दोन, बूट एक जोड! मॅडमचा पाय पाच नंबर, माझा सात. मॅडमनी पुष्कळ विचार केला आणि सहा नंबर आणला. म्हणजे तो दोघींनाही बसला नाही!

फॉर्मवर माझं नाव लिहायचं होतं. 'शिक्षण' हा रकाना बघूनच मला घाम फुटला. "मॅडम, सातवी लिहिलं तर ग्रँट परत नेतील का हो?"

"का? बेडूक कितवी शिकलेत?"

"आणि ते फील्ड असिस्टंट म्हणजे कोण?"

"तुम्ही!"

त्या संध्याकाळी मी आरशात दोनदा बघितलं. काही फरक पडला नव्हता.

*

टेप सुरू केली की आधी बोलायचं असायचं. जागा, खिडकी, वेळ आणि पाऊस. मॅडमनी बजावलं होतं, पाऊस पडत असेल तर टेप लावायचीच नाही, पावसाच्या आवाजात बेडूक कळत नाहीत. म्हणजे पावसाबद्दल रोज एकच सांगायचं: पाऊस नाही.

आता हे काय अवघड आहे? पण पहिल्या दिवशी मी चांगली साडी नेसले, वेणी घातली आणि टेपरेकॉर्डरसमोर हात जोडून उभी राहिले. बटण दाबलं आणि डोकं एकदम रिकामं! तोंडातून निघालं, "नमस्कार." मग माझं नाव, यांचं नाव, बिल्डिंगचं नाव, रेशनकार्डावर किती माणसं, सगळं सांगून झालं. बेडकांसाठी दोन मिनिटं उरली.

मॅडम ती टेप ऐकून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अहो, बेडकांना नमस्कार कशाला?"

"मॅडम, त्याशिवाय माझं तोंडच उघडत नाही हो."

मग तो नमस्कार राहिलाच. रोज संध्याकाळी टेपरेकॉर्डर मागच्या खिडकीत ठेवायचा, बटण दाबायचं आणि एका दमात म्हणायचं, "नमस्कार. कात्रप. मागची खिडकी. वेळ सात पाच. पाऊस नाही." आणि पळत बाहेर जाऊन जिन्यात उभं राहायचं, कुणी बेल वाजवू नये म्हणून. दहा मिनिटांनी आत येऊन म्हणायचं, "संपलं." तोवर घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. घराला आग लागली तरी मी 'संपलं' म्हणेपर्यंत बोंब मारायची नाही, हा नियम!

आमचे हे आनंदनगरच्या कंपनीत. ओव्हरटाइम करून यायचे ते नेमके सात पाचलाच. मग डबा मांडीवर घेऊन दहा मिनिटं जिन्यात बसायचे. वरच्या मजल्यावरचे काका येता-जाता विचारायचे, "काय हो, बायकोने बाहेर काढलं?" आणि यांना उत्तर देता यायचं नाही, कारण मी समोर ओठांवर बोट ठेवून उभी!

*

आता मिनूचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मिनू तेव्हा पावणेतीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. म्हणजे 'आई'सुद्धा नाही. पाणी हवं तर माठाकडे बोट, बाहेर जायचं तर चपलेकडे बोट. माझा मुळातच स्वभाव असा की शेजारच्याच्या घरी शिंक आली तरी आमच्याकडे काढा उकळतो. त्यात हे! डॉक्टर म्हणाले, "कान चांगले आहेत, काही मुलं उशिरा बोलतात." मी विचारलं, "उशिरा म्हणजे नक्की कधी?" त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "स्वतःचं नाव सांगता आलं की घेऊन या."

मग मी दिवसभर तिच्यामागे. "मिनू, हा चमचा. बोल, चम-चा. ही वाटी. बोल, वा-टी." महिनाभर चाललं. शेवटी सासूबाई पाणी मागताना म्हणायला लागल्या, "सुनंदा, पा-णी दे." मिनू नाही बोलली ती नाहीच.

आणि टेपरेकॉर्डर काढला की मिनू जी पलंगाखाली जायची, ती मी 'संपलं' म्हणेपर्यंत बाहेर यायची नाही. मला वाटायचं, यंत्राला घाबरते. काळज्यांच्या यादीत आणखी एक!

सासूबाई तर स्पष्टच बोलल्या. "सारखे बेडूक लावून ठेवतेस घरात. आम्हाला गप्प बसवतेस. पोरीला वाटत असेल, या घरात बेडूकच बोलतात, माणसं नाहीत!"

मी फणकाऱ्याने म्हटलं, "असं कुठे असतं का आई?" पण खोटं कशाला सांगू, पोळी लाटता लाटता हात थांबायचा. खरंच माझ्या कामानेच तर नाही ना झालं?

*

लॅटिन नावं काही माझ्या जिभेवर बसेनात. म्हणून मी बेडकांना माझी नावं दिली. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज करणारा तो 'कंगवा'. टकटक करणारा 'दारवाला'. एक सारखा सुरू व्हायचा आणि बंद पडायचा, त्याचं नाव 'स्कूटर'. आणि सगळ्यात मोठा, पिवळा, पोटातून आवाज काढणारा तो 'ढेकर'. रोज कॅसेट ऐकून मी वहीत लिहायची, कोण किती वेळा.

एक दिवस सासूबाई माझ्याशी बोलेनात. जेवायला बसल्या ते तोंडावर पदर धरून. दोन दिवस हेच. शेवटी यांनी विचारलं, "आई, झालंय काय?"

"तुझ्या बायकोला विचार! शेजारच्या मुलीकडून वही वाचून घेतली मी. सोमवार, ढेकर चौदा. मंगळवार, ढेकर एकवीस. बुधवार, ढेकर मोजता आली नाही! अरे, पित्ताचा त्रास आहे मला! या वयात सून अशी वहीत लिहून ठेवते?"

मी समजावून सांगितलं, डबक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वही पुढे ओढून म्हणाल्या, "मग बुधवारचं काय? बुधवारी मी मुळ्याची भाजी खाल्ली होती!"

*

पहिल्याच पावसाळ्यात टेपरेकॉर्डरने कॅसेट खायला सुरुवात केली. ग्रँटमध्ये दुसरा बसण्यासारखा नव्हता. मी तो उल्हासनगरला कॅम्पात नेला, लच्छूभाईंकडे. सिंधी माणूस, हात असा साफ की बंद पडलेलं काहीही चालू करतील असा लौकिक. मी टेपरेकॉर्डर दिला. गडबडीत आतली कॅसेट काढायची राहिली.

दुसऱ्या दिवशी गेले. "बहनजी, कल आओ. काम भारी है." तिसऱ्या दिवशी गेले. लच्छूभाईंच्या कपाळावर घाम. "कल." चौथ्या दिवशी बघते तर दुकानाबाहेर चार माणसं उभी आणि लच्छूभाई विजयी!

"बहनजी, ऐसा केस पहले कभी नहीं आया. कॅसेट अटकती थी, वो तो पाँच मिनट में ठीक किया. लेकिन अंदर से टर्र-टर्र, टर्र-टर्र! हेड साफ किया, बेल्ट बदला, मोटर में तेल डाला. जाता ही नहीं था. चार दिन मैंने खाना नहीं खाया ढंग से!"

मी विचारलं, "मग?"

"फिर समझ में आया. मशीन चंगी है साईं, कॅसेट में खराबी है! मैंने उस पे अच्छावाला गाना भर दिया. सुनो!"

खरंच चांगलं होतं. लग्नाचं होतं. बाहेरची माणसं माना डोलावत होती. माझे जुलैचे सहा दिवस त्या गाण्याखाली गेले!

मॅडमच्या रिपोर्टात त्या सहा दिवसांपुढे 'नोंद उपलब्ध नाही' असं आहे. माझ्या वहीत मी प्रामाणिकपणे लिहिलंय: गाणं.

*

नुसता आवाज ऐकून भागत नाही, कोणता आवाज कुणाचा हे एकदा डोळ्यांनी बघावं लागतं. त्यासाठी मॅडमनी कमळीताईंना बोलावलं. त्या बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतल्या. कात्रपच्या बाजारात करटोली, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसायच्या. आवाज ऐकून बेडूक कुठल्या दगडाखाली आहे ते सांगायच्या, इतका त्यांचा कान.

एका दुपारी आम्ही डबक्यावर निघालो. कमळीताई अनवाणी. मी फील्ड असिस्टंट, म्हणून गमबूट मला! सहा नंबरच्या बुटात सात नंबरचे पाय कोंबून, भर दुपारी हातात टॉर्च घेऊन, मी 'साप असेल का हो, साप असेल का हो' करत मागून चालले होते. बांधावरून पाय घसरला आणि दोन्ही बूट गुडघ्यापर्यंत चिखलात. पाय वर येईना. मी रडकुंडीला! "कमळीताई, माझं लेकरू लहान आहे हो!"

त्यांनी मागे वळून शांतपणे बघितलं. "अगो बाय, चिखलानं बूट धरलाय, तुला नाय. तू बाहेर ये."

मी पाय काढले, आले बाहेर. बूट तिथेच उभे राहिले, अगदी सरळ, जसं काही आत कुणी फील्ड असिस्टंट आहे. आम्ही बघत असतानाच एका बुटावर येऊन एक बेडूक बसला.

कमळीताई म्हणाल्या, "ह्यो बघ तुजा कंगवा!"

इतकं मोठं वाटलेलं ते ध्यान माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं होतं.

*

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम कानाला हेडफोन लावून सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकत बसल्या. एक दिवस सकाळीच आमच्याकडे हजर. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला.

"सुनंदाताई, एक पाचवा आहे!"

"कोण पाचवा?"

"सातव्या-आठव्या मिनिटाला. रोज नाही, पण आहे. टुर्र... टुक. टुर्र... टुक. हा कुठल्याच पुस्तकात नाही!"

मी ऐकलं. बाकीच्यांच्या गलक्यात एक बारीक आवाज. टुर्र... टुक. खरंच माझ्या नावांत बसणारा नव्हता. मी इतकी घाबरले की विचारलं, "मॅडम, माझ्याकडून काही चुकलं का?"

मॅडमनी सगळ्या कॅसेटी पुण्याला पाठवल्या. तिकडून उत्तर आलं, ग्रँट देणारे सर स्वतः पुढच्या पावसाळ्यात येऊन हा आवाज ऐकतील. तोवर दुसऱ्या ग्रँटचा निर्णय थांबवला आहे. मॅडम आनंदल्या. मला मात्र झोप लागेना. सर आले आणि पाचवा आलाच नाही तर? मागे डबक्याच्या कडेला बिल्डरचा बोर्डही लागला होता.

पावसाळा आला, मी पुन्हा टेप लावायला लागले. पाचवा होता! उलट गेल्या वर्षीपेक्षा धीट झाला होता, जवळजवळ रोज यायला लागला. मॅडमनी कमळीताईंना कॅसेट ऐकवली. त्यांनी भराभर सांगितलं, हा कोण, तो कोण. टुर्र-टुक आलं तशा थांबल्या. मान वाकडी करून पुन्हा ऐकलं.

"ह्यो नाय बेडूक."

"मग काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ह्यो कोनतरी बेडकाना हाका मारतंय."

मॅडम हसल्या. मी नाही हसले. संध्याकाळच्या वेळी, डबक्यातून, हाका मारणारा कोण? मी घरी गेले आणि मिनूच्या गळ्यात काळा दोरा बांधला. पोरगी साडेतीन वर्षांची झाली होती. बालवाडीत तिच्या वयाची मुलं गाणी म्हणायला लागली होती. आमची अजून माठाकडे बोट.

*

सर आले त्या दिवशी पाऊस कोसळत होता. बारीक चणीचे, जाड चष्म्याचे, हातात छत्री, खांद्याला मोठी बॅग. सोबत मॅडम. मी सकाळपासून घर तीनदा पुसलं होतं. यांनी अर्धी रजा टाकली होती, घरात पुरुष माणूस हवं म्हणून.

सरांनी चप्पल काढली आणि सासूबाईंकडे वळून हात जोडले. "तुम्ही आजी. गुडघ्याला तिळाचं तेल गरम करून लावायचं ठरलं होतं ना? लावलंत का?"

सासूबाईंनी घाईघाईने गुडघ्यावर पदर ओढला.

मग यांच्याकडे बघून, "तुम्ही जिन्यातले! डब्याचं झाकण सैल आहे तुमच्या, खुळखुळतं."

एका वर्षात या माणसाने आमच्या सगळ्या कॅसेटी ऐकल्या होत्या. आम्हाला वाटत होतं आम्ही गप्प बसतो! फोडणी करपली ती, फळीवरून डबा पडला तो, सासूबाई हळूच पुटपुटल्या ते, सगळं पुण्याला गेलं होतं!

मग सर माझ्याकडे वळले. "आणि नमस्कार तुम्ही." त्यांनी पुन्हा हात जोडले. "वर्षभर रोज नमस्कार करताय. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पदराआड गेलं. "ही कोण? हिचा आवाज नाही टेपवर."

मी खाली बघून म्हटलं, "ती... बोलत नाही अजून."

चहा झाला. पाऊस थांबायचं नाव घेईना. सहा वाजले, साडेसहा वाजले. सरांना परत जायचं होतं. शेवटी म्हणाले, "असू दे पाऊस. आज पावसातच लावू." मागच्या खोलीत सगळे जमलो. सर खिडकीशी पलंगावर, कानाला हेडफोन, मांडीवर वही. शेजारी मॅडम. सासूबाई आणि हे दाराशी. मिनू टेपरेकॉर्डर दिसताच पलंगाखाली. सरांनी वहीत तारीख घातली, जागा घातली. 'पाऊस' या शब्दापुढे लिहिलं: जोरदार. मग बटण दाबलं आणि मला खूण केली. बोला.

मी हात जोडले. तोंड उघडलं. आणि काही निघेना! दोन पावसाळे रोज म्हटलेलं वाक्य, पण समोर खरा माणूस बसलेला. नमस्कारसुद्धा निघेना. टेप फिरतेय, मॅडम डोळ्यांनी सांगताहेत, बोला, बोला, आणि मी नुसती हात जोडून उभी.

तेवढ्यात पलंगाखालून आवाज आला.

"नमस्काल. कातलप. मागची खिलकी. वेल शात पाच. पाऊश नाई."

कुणीच हललं नाही. सासूबाईंनी तोंड उघडलं तर यांनी चक्क आपल्या आईच्या तोंडावर हात ठेवला! कारण टेप चालू होती. नियम माझाच होता. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, घराला आग लागली तरी.

मी पदराचा बोळा करून तोंडात घातला. साडेतीन वर्षं ज्या आवाजासाठी मी नवस बोलले, चमचे दाखवले, तो माझ्यापासून हातभर अंतरावर पलंगाखाली होता आणि मला वाकून बघायची सोय नव्हती. वाकले तर बांगड्या वाजल्या असत्या. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, ढेकर आपला सुरू होता. यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात आईच्या तोंडावरून निघत नव्हता.

सातव्या मिनिटाला पलंगाखालून आलं, "टुर्र... टुक."

मॅडमनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सरांनी हेडफोन हळूच उतरवले, पलंगाखाली न बघता माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"टुर्र... टुक."

सात पंधरा झाले. 'संपलं' मी म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडात पदर. कुणी म्हणेना, म्हणून कुणी हलेना. टेप फिरतच राहिली. सात सोळा. सात सतरा.

मग पलंगाखालून अगदी दमल्यासारखं, माझ्याच सुरात आलं, "शंपलं."

सरांनी बटण दाबलं. मी खाली बसले, वाकले, पुढचं मला आठवत नाही. पण मॅडमनी बघितलं ते त्या अजून सांगतात. खिडकीतून पाणी आत येत होतं, सरांच्या वहीची कड भिजली होती, चष्म्यावर थेंब होते. त्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं, 'जोरदार' हा शब्द नीट एका रेघेने खोडला आणि पुढे लिहिलं:

पाऊस नाही.